अर्धा इंच म्हणजे नेमका कुठला अर्धा इंच

गेल्या महिन्यात गॅरेजमधला बिअरचा सगळा सेटअप उघडला आणि फिटिंग्ज नव्याने बसवल्या. दोन वीकेंड गेले, पण आता एक थेंब गळत नाहीये. म्हटलं लिहून ठेवावं, कारण इथे मिशिगनमध्ये ओळखीतल्या तिघाचौघांनी घरी बिअर करायला घेतलीये आणि प्रत्येकाचा पहिला फोन यीस्टबद्दल नसतो, "अरे व्हॉल्व्ह कुठला घेऊ" हाच असतो. (अमेरिकेत घरच्यापुरती बिअर करायला १९७९ पासून केंद्राच्या कायद्याने मुभा आहे, दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन. महाराष्ट्रात परवान्याशिवाय करता येत नाही, त्यामुळे पुण्याच्या मित्रांनो, तुम्ही नुसतं वाचा.)

तर झालं असं, की बाबा इकडे आले तेव्हा मी आधीच सांगून ठेवलेलं, येताना बोहरी आळीतून एक चांगला जड, पितळी, अर्धा इंची बॉल व्हॉल्व्ह (आत भोक असलेला गोळा फिरतो तो नळ) आणा. आणला त्यांनी, वस्तू एक नंबर. केटलच्या, म्हणजे बिअर उकळायच्या पातेल्याच्या, स्टीलच्या निपलवर (आटे पाडलेल्या पाइपच्या तुकड्यावर) फिरवला तर पहिल्या फेऱ्या सहज गेल्या आणि मग एकदम जाम. मला वाटलं आट्यांवरची टेफ्लॉनची टेप जास्त झाली असेल, सोडला, टेप कमी केली, पाना लावून दाबला, आणि पाणी भरल्यावर दहा मिनिटांत निपलच्या खालून थेंब थेंब सुरू. बाबांनी आयुष्य पिंपरीत फिटर म्हणून काढलंय. त्यांनी व्हॉल्व्ह काढला, निपल आणि व्हॉल्व्ह दोन्ही खिडकीजवळ नेऊन आट्यांवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "अरे, जोर नको लावूस, आटेच वेगळे आहेत."

बरोबर होतं त्यांचं. भारतात मिळतात ते बीएसपी आटे, अमेरिकेत एनपीटी (पाइपच्या आट्यांची ब्रिटिश आणि अमेरिकन मापं). अर्ध्या इंचात दोन्हीकडे इंचाला १४ आटेच असतात, म्हणून ते एकमेकांत शिरतात आणि आपण फसतो, पण बीएसपीच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा आणि एनपीटीचा ६०, शिवाय एनपीटी निपल टोकाकडे निमुळता होत जातो. म्हणजे धरतात, पण पूर्ण बसत नाहीत, आणि कितीही टेप गुंडाळली तरी गरम-गार होऊन होऊन ते कधीतरी गळणारच. गळणारं पाणी असेल तर एक वेळ ठीक, उकळतं वर्ट (बिअर आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) असेल तर पाय भाजतो. ऑनलाइन स्वस्त व्हॉल्व्ह मागवताना हे आधी बघा, कारण नुसतं अर्धा इंच लिहिलेले कितीतरी बीएसपी निघतात.

टेपचंही बाबांनीच शिकवलं. आट्याचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायची, स्टीलला चार-पाच वेढे, आणि टोकाचा पहिला आटा मोकळा सोडायचा, नाहीतर टेपचे तुकडे सुटून पंपात जातात. स्टीलवर स्टील कोरडं कधीच फिरवू नका, आटे एकमेकांना चिकटून बसतात आणि मग कापल्याशिवाय निघत नाहीत. केटलला वेल्डिंग न करता भोक पाडून बसवायचं फिटिंग असेल तर त्याची सिलिकॉनची रिंग हाताने घट्ट करायची आणि वर पाव फेरी, बस, जास्त आवळलं की रिंग बाहेर सरकते आणि तिथूनच गळतं.

व्हॉल्व्ह घ्याल तर थ्री-पीस, म्हणजे तीन तुकड्यांत सुटणारा, घ्या, यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. टू-पीसचा बॉल उघडता येत नाही आणि बॉलच्या मागे वर्ट साचून राहतं. मी एक जुना कापून बघितला, आत तपकिरी चिकट थर होता, वास आंबूस. थ्री-पीसचे चार बोल्ट काढले की बॉल हातात येतो, ब्रशने घासायचा, परत लावायचा. पितळ चालतं, फक्त त्याच्या पृष्ठभागावर थोडं शिसं असतं, त्यामुळे वापरायच्या आधी दोन भाग पांढरं व्हिनेगर आणि एक भाग ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड यात पाच-दहा मिनिटं बुडवायचं, पिवळं लखलखीत झालं की काढायचं, पाणी हिरवं व्हायला लागलं तर उशीर झालाय.

होज जोडायला मी कॅमलॉक नावाची झटपट लागणारी जोडणी वापरतो. भोक मोठं, दोन कान दाबले की बसतं, मात्र धातूचे कान तापतात, हातमोजे लागतातच. होज सिलिकॉनचाच, साधा व्हिनाइल उकळत्या वर्टने मऊ पडतो आणि बार्बवरून (होज चढवायच्या खाचेदार तोंडावरून) निसटतो. पंप मॅग्नेट ड्राइव्हचा (चुंबकाने फिरणारा) असेल तर तो स्वतः ओढून घेत नाही, म्हणून केटलच्या खाली ठेवायचा, त्याचं बाहेर जायचं तोंड वर करायचं म्हणजे हवा निघून जाते, आणि फ्लो कमी करायचा तो पुढच्या व्हॉल्व्हने, आत येणारी बाजू कधीच आवळायची नाही, तिथे एल्बोसुद्धा टाळा.

आता मुख्य गोष्ट. पैसे कमी असतील तर उकळण्याच्या आधीच्या भागात काटकसर करा, तिथे आट्यात काही राहिलं तरी तासाभराच्या उकळीत मरतं. वर्ट गार झालं, वीसेक डिग्रीवर आलं, की पुढे प्रत्येक आटा म्हणजे जंतूंना घर. म्हणून चिलरनंतर मी सगळं दीड इंची ट्राय-क्लॅम्पवर नेलं. महाग आहे, पण क्लॅम्प सोडला की गॅस्केट आणि दोन गुळगुळीत चकत्या, लपायला जागाच नाही. याआधी माझ्या दोन बॅच आंबट झाल्या होत्या, १९-१९ लिटर ओतून दिलं, आणि चूक यीस्टची नव्हती, फर्मेंटरच्या (बिअर आंबवायच्या भांड्याच्या) आटेवाल्या नळाची होती.

एक राहिलं, थंडीचं. बॉल व्हॉल्व्ह बंद केला की बॉलच्या पोटात थोडं पाणी अडकतं. गॅरेज गोठलं की ते फुगतं आणि व्हॉल्व्हला चीर जाते. सगळं धुऊन झालं की हँडल अर्धवट तिरकं ठेवा आणि निथळू द्या. बाबांचा पितळी व्हॉल्व्ह मी अंगणातल्या पिंपाला बीएसपी निपल मागवून लावलाय, तोही ऑक्टोबरमध्ये असाच तिरका ठेवतो.