आमची वाटचाल : शून्य आणि रेघ

आमचं सॉफ्टवेअर म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर किती भार आहे ते दाखवणारा मीटर. सुरुवातीला आम्ही दोघंच होतो, मी आणि माझा भागीदार. मी पडद्यावरचे आलेख काढायचो, तो प्रोसेसरच्या पोटात शिरून आकडे आणायचा. त्याची एक लांबट वही होती. नवी चिप हाताखालून गेली की तिची फॅमिली, मॉडेल, स्टेपिंग, म्हणजे चिप ओळखायचे आकडे, वहीत उतरायचे. आमच्या सॉफ्टवेअरमधला ओळखतक्ता म्हणजे त्या वहीचीच नक्कल. त्याचं एक टुमणं कायम असायचं, "आकडा मिळाला नाही तर रेघ दाखव, शून्य दाखवू नकोस." रेघ दिसली की गिऱ्हाइकाला सॉफ्टवेअर बिघडल्यासारखं वाटतं, असं माझं मत. मालकी माझी जास्त, म्हणून शून्य राहिलं. पुढे तो दुसऱ्या धंद्यात गेला. वही माझ्याकडे ठेवून गेला.

मधली वर्षं बरी गेली.

२०२१च्या अखेरीस इंटेलच्या प्रोसेसरची बारावी पिढी आली. आमच्या पहिल्या आवृत्तीपासूनच्या गिऱ्हाईक, ॲनिमेशन स्टुडिओ चालवणाऱ्या एक ताई, त्यांनी रेंडरिंगसाठी, म्हणजे ॲनिमेशनची अंतिम चित्रं काढायच्या कामासाठी, त्यातला कोअर आय९-१२९००के घेतला. या कामात प्रोसेसर शंभर टक्के राबायला हवा. फोन आला : "दादा, रेंडर लावलाय, पंखे बोंबलतायत आणि तुमचा मीटर ७५ टक्क्यांवरच अडलाय." मी काय म्हणावं? "मशीन तपासून घ्या." विक्रेत्यानं बायोस बदललं, पॉवर प्लॅन बदलला, प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी थर्मल पेस्टही नव्यानं लावली. ७५ ते ७५च.

त्यात आमच्या एका स्पर्धकानं तिथे जाऊन आपलं सॉफ्टवेअर लावलं. त्यात १०० दिसले. मग गडी चार ठिकाणी सांगत सुटला, "त्यांचा मीटर खोटा आहे." मीटर चुकला होता, खोटा नव्हता. हा फरक मी आजही सोडत नाही. त्याच्याकडे तरी काय होतं? विंडोजनं दिलेला एकूण आकडा उचलून दाखवायचा, कोअरनिहाय, म्हणजे प्रोसेसरच्या एकेका भागाचा वेगळा आकडा, काहीच नाही. पण महिन्याभरात आमची निम्मी नूतनीकरणं थांबली.

ताईंकडून मशीन मागवून घेतलं. एकाच थ्रेडचा, म्हणजे कामाच्या एकाच धाग्याचा, भार लावला आणि विंडोजच्या टास्क मॅनेजरमधून अफिनिटी (काम कुठे चालवायचं ती सेटिंग) बदलत तो एकेका लॉजिकल प्रोसेसरवर (एका वेळी एक धागा चालवणाऱ्या जागेवर) सरकवत गेलो. ज्यावर भार, त्याची आमच्या मीटरमधली पट्टी उसळायची. पहिली, दुसरी, असं करत चोविसावी. पुढच्या आठ पट्ट्या मेल्यासारख्या पडलेल्या, आणि भार सरकवायला पंचविसावा प्रोसेसरच नाही!

या चिपमध्ये आठ पी-कोअर (ताकदीचे), प्रत्येकी दोन थ्रेड, म्हणजे दोन लॉजिकल प्रोसेसर. आठ ई-कोअर (वीज वाचवणारे), प्रत्येकी एकच. एकूण २४. आमच्या तक्त्यात फॅमिली ६, मॉडेल १५१ नव्हतंच. अनोळखी चिप दिसली की आमचा कोड सोळा कोअरची सरळ दुप्पट करायचा, म्हणजे ३२. नसलेल्या आठ थ्रेडांचा आकडा कुठून येणार? तिथे माझं शून्य. चोवीस थ्रेड शंभरावर, आठ शून्यावर, सरासरी ७५.

आता थ्रेडांची संख्या आम्ही विंडोजलाच विचारतो, आणि आकडा नसेल तिथे रेघ. ताईंकडे गेलो तेव्हा ती वही सोबत नेली आणि सगळं खरं सांगितलं.

कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. नव्या मशीनवर मीटर विचित्र वागला तर लगेच पेस्ट खरवडायला बसू नका. आधी टास्क मॅनेजरमधले लॉजिकल प्रोसेसर मोजा, मग मीटरमधले. आकडे जुळत नसतील तर मीटरची आवृत्ती चिपच्या आधीची आहे का ते बघा. तापमानाचंही तसंच. एएमडीचा प्रोसेसर रायझन ७ १८००एक्स आपलं तापमान मुद्दाम २० अंश चढवून सांगायचा. ते वजा करायचं ज्या मीटरला ठाऊक नव्हतं, त्याच्या भरवशावर चांगले कूलर बदलले गेले.

भागीदाराला फोन केला, तेव्हा तो बराच वेळ हसला. "सांगितलं होतं" मात्र म्हणाला नाही.

मागच्या महिन्यात ताईंनी नवं मशीन घेतलं. पडद्याचा फोटो आला, खाली एक ओळ : "दादा, रेघ आलीय. वही काढा."