आधी नातं, मग इंग्रजी

हनोईत मोठ्या माणसांच्या वर्गावर इंग्रजी शिकवायला उभी राहिले, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी एकीने मला वय विचारलं. खटकलं. चारचौघांत असं विचारतात का? नंतर सहशिक्षिकेने समजावलं की व्हिएतनामीत 'मी' आणि 'तुम्ही' हे शब्दच नात्यावरून ठरतात. समोरचा धाकटा असेल तर 'एम', थोडा मोठा पुरुष असेल तर 'आन्ह', मोठ्या बहिणीसारखी बाई असेल तर 'ची', शिक्षिका असेल तर 'को'. वयाचा अंदाज आल्याशिवाय वाक्य सुरूच करता येत नाही. तिथून पुढे मी स्वतःच आधी वय सांगायचे, आणि वर्ग मोकळा व्हायचा.

गावी परत आल्यावर मात्र हे लक्षात राहिलं नाही.

मालवणजवळच्या देवबागला कर्ली नदी आणि समुद्राच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत घरोघरी पर्यटक उतरतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, पावसात पर्यटकांच्या बोटीही किनाऱ्यावर ओढलेल्या. तेवढ्या दिवसांत संध्याकाळी शाळेच्या एका खोलीत वर्ग घ्यायचं ठरलं. चौदा जण आले. दिवसभर लावणी करून आलेल्या बायका, बोटीवरचे काका, दोन तरणे मुलगे. मुलांच्या बाकांवर गुडघे मावत नव्हते, म्हणून सगळे जमिनीवरच बसलो.

"बाय, तू खंयची? कोणाच्यातली?" एका काकांनी विचारलं. मी दोन शब्दांत उत्तर देऊन फळ्याकडे वळले. ते उत्तर नीट द्यायला हवं होतं.

प्रशिक्षणात शिकवलं होतं तसं मी सगळ्यांना नावाने हाक मारायला सांगितलं. मग जोड्या लावल्या: 'व्हॉट इज हिज नेम?' समोरच्या काकांकडे बोट करून मी एका तिशीच्या बाईला विचारलं. ती खाली बघत राहिली. पुन्हा विचारलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती गप्पच. मला वाटलं, लाजते आहे. वर्ग सुटल्यावर शेजारच्या मावशी हळूच म्हणाल्या, "अगो, तो तिचो सासरो."

त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढल्या दिवशी फळा बाजूला ठेवला आणि माझं आजोळ, घर, कोणाची कोण ते सगळं सांगितलं. त्यात एका मावशींचं माहेर आमच्याच वाडीतलं निघालं. मग सूनबाईंना दुसरं वाक्य दिलं: 'ही इज माय फादर-इन-लॉ. ही हॅज टू बोट्स.' ते तिने खणखणीत म्हटलं. सासरे खुश.

तरी चुकायची भीती होतीच. गावात रोज तोंडं बघायची असतात, त्यामुळे मोठ्या माणसाला चूक परवडत नाही. तिसऱ्या आठवड्यात मी त्यांना व्हिएतनामी 'मा' म्हणून दाखवलं. सूर बदलला की अर्थ बदलतो: भूत, आई, भाताचा तरवा म्हणजे लावणीची रोपं. तरवा म्हटल्याबरोबर बायका पुढे सरकल्या. मी सूर चुकवत होते, पुन्हा म्हणत होते, ते त्या बघत होत्या. मग एक वहिनी आपणहून बोलल्या. पाहुण्याने 'इज इट हॉट?' विचारलं, तेव्हा त्या सगळं कालवण परत आत नेऊन तापवून आल्या होत्या. त्याला तिखट आहे का ते विचारायचं होतं. खोलीभर हसू झालं, त्यांच्यासकट. त्यानंतर रोज कोणी ना कोणी आपली फजिती घेऊन यायचं. माझा धडा त्यातूनच तयार व्हायचा.

माशांचा तास तर त्यांनीच घेतला. बांगड्याला मॅकरेल, तारलीला सार्डिन, मोरीला शार्क एवढं मी फळ्यावर लिहिलं, पण कापताना कुठला कसा ओळखायचा ते त्यांच्याकडूनच शिकले.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो बोटीवरच्या सूचनांना. 'सिट डाऊन' म्हणायला काका तयारच होईनात. "माझ्या बापाशीच्या वयाच्या माणसाक 'बस' कसा म्हणू?" इंग्रजीत 'बस' आणि 'बसा' एकच, हे त्यांना पटत नव्हतं, आणि मला त्यांचा आग्रह मोलाचा वाटला. शेवटी 'सर', 'मॅडम' आणि 'प्लीज' यांतून आम्ही 'बसा' उभं केलं. लाईट गेली की मेणबत्तीच्या उजेडात तेच घोकायचो.

नारळी पौर्णिमेला वर्ग संपला. ऑक्टोबरात त्या काकांच्या बोटीवर गेले, तेव्हा एक वयस्कर परदेशी गृहस्थ काठीसह चढत होते. काकांनी त्यांचा हात धरला. "सर, प्लीज सिट हिअर. होल्ड धिस." मग मागे वळून मला म्हणाले, "तू थंय बस गो, पुढे पाणी उडता."