ओखल्यात भेटलेली लंका

दिल्लीला विमानतळाच्या टर्मिनल १ वर उतरलं की मेट्रोची मजेंटा लाइन पकडायची आणि मधे कुठेही न बदलता थेट ओखला एनएसआयसीला उतरायचं, एवढं सोपं आहे. हे मला आधी माहीत असतं तर मागच्या वेळी टॅक्सीत बसून हॉर्न ऐकत दीड तास काढला नसता. असो. स्टेशनवरून चालत गेलं की एनएसआयसीचं ग्राउंड, आणि तिथे दर फेब्रुवारीत इंडिया आर्ट फेअरचे, म्हणजे गॅलऱ्यांच्या चित्रविक्रीच्या जत्रेचे, ते भलेमोठे तंबू. २००८ ला प्रगती मैदानावर हा प्रकार सुरू झाला तेव्हा नाव इंडिया आर्ट समिट होतं, मग २०१२ पासून इकडे आला.

मी गेलो रविवारी, म्हणजे शेवटच्या दिवशी. पहिले दिवस पैसेवाल्यांचे असतात, आपण आपले उरलंसुरलं बघायला. शंभराहून जास्त स्टॉल, ज्यांना तिथे कोणी स्टॉल म्हणत नाही, बूथ म्हणतात. दोन तासांत माझे पाय गेले. आरशासारख्या चकचकीत थाळ्यांसमोर सेल्फीची ही गर्दी, आणि एकेका भिंतीवर एवढाली चित्रं की ती लावायला आधी बंगला घ्यावा लागेल. मी खरं सांगायचं तर बसायला जागा शोधत होतो आणि एका कोपऱ्यातल्या छोट्या बूथमधे एक रिकामं स्टूल दिसलं.

बूथ कोलंबोच्या एका गॅलरीचा होता. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे त्यांच्या घरातल्या गोष्टी येणार आहेत. एक पन्नाशीच्या बाई आणि एक पोरगा, बस्स. पोराने तिला हाक मारली, "अक्का!" आणि मी चमकून वर बघितलं. सिंहलीत पण मोठी बहीण म्हणजे अक्काच. धाकटा भाऊ मल्ली. मी म्हटलं आमच्याकडे पण अक्काच म्हणतात, त्यावर बाई एवढ्या खूश झाल्या की मला बसायला ते स्टूल मिळालं ते मिळालंच, वर त्यांच्या फ्लास्कमधला काळा चहा पण.

आता त्यांच्या भिंती बघितल्या तर सगळी कामं लहान. वहीएवढी, फार तर पाटाएवढी. मला वाटलं ही त्यांची स्टाइल असेल, मिनिमल वगैरे. बाई हसायला लागल्या. म्हणाल्या, साइज चित्रकार नाही ठरवत, कार्गोवाला ठरवतो. बेटावरून कुठेही जायचं म्हणजे एक तर विमान नाहीतर बोट, ट्रकमधे टाकून रात्रभरात पोचलो असं काही नसतं. तलाईमन्नार ते धनुष्कोडी अंतर तीसेक किलोमीटर असेल पण त्याचा यांना काय उपयोग! लाकडी खोका जेवढा मोठा तेवढं बिल मोठं, म्हणून त्यांच्याकडचे काही जण आधीच विचारतात की अक्का, फेअरचं असेल तर सुटकेसच्या मापात काढू का. हे ऐकून मला कसंतरीच झालं, पण नंतर वाटलं की कविता लहान असते तेव्हा आपण असं नाही म्हणत.

मग कार्नेटचं पुराण. एटीए कार्नेट म्हणजे सामानाचा पासपोर्ट समजा. प्रत्येक वस्तूची यादी, नग, वजन, किंमत, सगळं लिहायचं, मग ड्युटी न भरता माल देशात येतो, पण ठरलेल्या मुदतीत तो तसाच परत न्यायचा. जे विकलं जाईल त्याची ड्युटी भरायची. यंदा यादीत एक नग कमी लिहिला गेला होता (चूक आमचीच, असं त्या दोनदा म्हणाल्या) आणि खोका अडकला, सुटला तो फेअर उघडायच्या आदल्या रात्री. तोपर्यंत भिंती रिकाम्या, अगदी लंकेची पार्वती! मी हा वाक्प्रचार त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. इंग्रजीत तो साफ पडला.

बाईंची खरी तक्रार वेगळीच होती. येणारी माणसं विचारतात, बुद्ध आहे का, समुद्र आहे का, चहाचा मळा? लंकेचं चित्र म्हणजे लंकेसारखं दिसलं पाहिजे. आणि गंमत बघा, लायोनेल वेंट, जॉर्ज कीट या मंडळींनी कोलंबोत आधुनिक कलाकारांचा '४३ ग्रुप' काढला तो १९४३ ला, आपला मुंबईच्या चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप १९४७ चा. चार वर्षं आधी! मला हे माहीत नव्हतं आणि मी स्वतःला चित्रातलं कळतं असं समजतो. पण त्याच देशात आधुनिक कलेचं म्युझियम उघडायला डिसेंबर २०१९ उजाडला आणि लगेच पाठोपाठ कोविड.

एकच काम मोठं होतं. बाटिकचं (म्हणजे आधी मेणाने रेषा काढून मग रंगवलेलं) कापड, रुंदीला हातभर आणि लांबीला आपली नऊवारी असेल तेवढं. गुंडाळून पुठ्ठ्याच्या नळीत घातलं की झालं, कार्गोवाल्याला पण चकवलं. त्यावर एकामागे एक थ्री-व्हीलर, रिक्षाच आपल्या, निळ्या आणि विटकरी रंगात, मधे कोणी रिक्षात पाय बाहेर काढून झोपलाय, कोणी कॅन घेऊन उभा. २०२२ ची पेट्रोलची रांग. तेव्हा तिथे परकीय चलनच संपलं होतं, लोक दिवसेंदिवस पंपावर उभे, जुलैत तर क्यूआर कोडवर आठवड्याचं पेट्रोल मोजून द्यायला लागले. बूथची भिंत कापडापेक्षा बरीच छोटी, म्हणून अर्धं कापड खाली जमिनीवर गुंडाळीतच ठेवलेलं. माझ्यासमोर एका जोडप्याने विचारलं, यात पुढे काय आहे? बाई म्हणाल्या, रांग. ते निघून गेले.

मी मात्र तिथेच राहिलो, म्हणजे चहा, गप्पा, मधे एक चक्कर मारून परत तिथेच, आणि संध्याकाळी शिट्ट्या वाजवत गार्ड लोकांना बाहेर काढायला लागले तेव्हा बाईंनी माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, हा आमच्यातला आहे. आणि मला म्हणाल्या, मल्ली, ही टेप धर.

बबल रॅप, टेप, यादी. पोरगा मोजत होता, एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट. सहा सात आठ ऐकू येतंय का बघा त्यात! चार लहान कामं विकली गेली होती, ती वेगळ्या खोक्यात. कापड परत चाललं होतं. गुंडाळायच्या आधी एकदा तपासायचं म्हणून आम्ही तिघांनी ते बूथच्या बाहेर, मधल्या वाटेवर पूर्ण उलगडलं, तेव्हा ती गुंडाळीतली बाजू पहिल्यांदा दिसली. रांग तशीच पुढे चाललेली, पण शेवटच्या हात-दीड हातात रंगच नाही. पांढरं कापड आणि त्यावर नुसत्या मेणाच्या रेषा. रिक्षा आहेत, माणसं आहेत, सगळं मेणात. नाक जवळ नेलं तर वास पण येत होता.

मी विचारलं, हे मुद्दाम?

"नाही हो. त्या महिन्यात रंग आलाच नाही," बाई म्हणाल्या. "नंतर आला, तोवर चित्रकार दुसऱ्या कामाला लागला होता."

पोराने यादीवर खूण केली, कापड, नग एक, आणि नळीचं झाकण मला लावायला दिलं.