वाईनची द्राक्षं लावताना

दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. सासऱ्यांनी, म्हणजे आण्णांनी, थॉमसन ही खायच्या द्राक्षाची जात लावून सुरुवात केली. पुढे सोनाका ही तशीच जात आली. गेली बरीच वर्षं बागेचं रोजचं काम मी बघते. २०१५ साली डोंगराकडचा दीड एकराचा जुना तुकडा तोडायचं ठरलं. मुरमाड, उताराची जमीन. तिथं कितीही जीव ओतला तरी निर्यातीला लागतो तसा मणी फुगत नव्हता. त्याच सुमाराला एक वायनरी आमच्या भागात करारावर शिराझ ही लाल वाईनची जात लावून घेत होती. मला ते पटत होतं, पण घरात दोन अडचणी होत्या.

पहिली म्हणजे आण्णा माळकरी. दुसरी जास्त अवघड होती, कारण ती सगळ्या गावाच्या आठवणीतली होती. २००१ साली राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूरला वाईन पार्क झालं आणि बघता बघता जिल्ह्यात वायनऱ्या उभ्या राहिल्या. पुष्कळ जणांनी खायची द्राक्षं काढून वाईनची लावली. मग जागतिक मंदी आली, त्यात मुंबईवरचा २६/११ चा हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. टाक्यांमधली वाईन खपेना, तर नवी द्राक्षं कोण घेणार? कित्येकांनी २०१० च्या आसपास बागा मुळासकट काढल्या. वाईनचं द्राक्ष बाजारात नेऊन विकता येत नाही. मणी बारीक, साल जाड, आत बिया. वायनरीनं नाही घेतलं तर ते जाणार कुठं?

आण्णा एवढंच म्हणाले, "मी चाखणार नाही. पण छाटणीला येईन." त्यांचा होकार मिळाला, पण दुसऱ्या भीतीवर उपाय मलाच शोधायचा होता. मी ठरवलं, सही करण्याआधी ज्यांनी हे करून दाखवलंय त्यांच्या बागा बघायच्या. नवरा सातपूरच्या कारखान्यात नोकरीला, त्यामुळे त्याच्या सुट्ट्या धरून आम्ही निघायचो.

सुरुवात घराजवळूनच केली. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून गंगापूर धरणाच्या बाजूला आले, १९९७ च्या सुमाराला त्यांनी वाईनची द्राक्षं लावली आणि २००० साली त्यांच्या 'सुला' वायनरीची पहिली वाईन बाजारात आली, हे नाशकात सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या आधी, १९८० च्या दशकात, नारायणगावला श्यामराव चौगुल्यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनं फसफसती वाईन केली होती, ती 'ओमर खय्याम' नावानं परदेशी गेली. म्हणजे महाराष्ट्रात हे काम काही काल सुरू झालेलं नाही. पण मला बघायचं होतं ते वेगळंच: कुणी, कुठं, कोणती जात निवडली आणि का.

निफाडजवळच्या कुंदेवाडीला गेलो. तिथं गहू संशोधन केंद्र आहे, आणि थंडीत पेपरात निफाडचा पारा छापून येतो तो तिथलाच. त्याच गावच्या परिसरात रेव्हिलोची वायनरी. नाशिक म्हटलं की सगळे पांढऱ्या वाईनला शेनिन ब्लां आणि लालला शिराझ म्हणतात. यांनी सिसिलीतल्या ग्रिलो आणि नेरो द'आव्होला या जाती आणल्या. सिसिली हे उन्हाचं बेट. तिथली वेल इथलं ऊन सोसेल आणि आंबटपणाही टिकवेल, असा माझ्या समजुतीप्रमाणे त्यामागचा हिशेब. निफाडची कसदार जमीन, दिवसा ऊन, रात्री कडाका, हे सगळं डोळ्यांनी बघितल्यावर तो हिशेब मला समजला.

इगतपुरीकडं सगळं निराळं. पावसाळ्यात तिथं वेल जगते कशी हाच प्रश्न पडतो. मुकणे धरणाजवळ शैलेंद्र पै यांची व्हॅलोने आहे. लहान वायनरी. ते शेनिनचे काही घड वेलीवरच सुकवून त्याची गोड वाईन करतात. घड सुकला की वजन जातं, आणि वजन गेलं की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. आम्ही आयुष्यभर टनात विचार केलेली माणसं. कुणी जाणूनबुजून टन घालवतंय हे मला पहिल्यांदा तिथं कळलं.

सगळ्यात लांब अकलूज. उसाच्या मुलखात, सोलापूरच्या उन्हात फ्रातेल्लीनं वाईनची द्राक्षं लावली. मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीचे सेक्की, अशा तीन घरांतले भाऊ आणि टस्कनीतले वाईनमेकर पिएरो मासी यांनी मिळून ते केलं. परदेशातून रोपं आणली, त्यात टस्कनीची सांजोव्हेसे ही जात होती. तिथं मी वाईनपेक्षा वेलीच जास्त बघितल्या. आमच्याकडं मांडवावर किंवा इंग्रजी वाय आकाराच्या आधारावर पानांचं छप्पर असतं; तिथं तारांवर सरळ उभी केलेली पानांची भिंत होती, आणि घड सगळे एका रांगेत, कमरेच्या उंचीवर. घड मोजून ठेवलेले, जास्तीचे काढून टाकलेले.

परत येताना मी मनाशी ठरवलं की लावायचं. पण करार वाचूनच. दर जातीप्रमाणे आणि गोडीप्रमाणे ठरलेला, मुदत लांबची, माल कोणत्या कारणानं नाकारता येईल ते स्पष्ट लिहिलेलं. "बाकीचं बघून घेऊ" असं तोंडी सांगितलेलं एकही वाक्य मी मान्य केलं नाही. वकिलाकडून मराठीत समजून घेतलं आणि मगच सही केली.

पुढचं काम बागायतदाराला ओळखीचं आणि तरीही परकं. खुंट म्हणजे ज्याच्यावर कलम करायचं ते मुळाकडचं रोप. आमच्याकडं खुंट म्हटलं की डॉगरिज. दुष्काळ सोसतो, क्षार सोसतो, पण वेल फार दांडगी वाढवतो. वाईनला वाढ आवरती लागते, म्हणून ११०-आर हा दुसरा खुंट लावला. फेब्रुवारीत खुंट, पावसाळा ओसरताना पाचर कलम, पुढच्या वर्षी रिकट, म्हणजे कलम छाटून नव्यानं फुटू देणं, मग तारेवरचे आडवे ओलांडे आणि त्यांच्यावर फळ धरणाऱ्या मालकाड्या. एप्रिलला काड्या तयार करायची खरड छाटणी, ऑक्टोबरला फळ धरायची गोडी छाटणी, हे तेच. फरक गोडी छाटणीनंतर सुरू होतो. खायच्या द्राक्षाला जीए या संजीवकाच्या बुडवण्या, विरळणी, पाणी, खत, सगळं मणी फुगवण्यासाठी. इथं जीए नाही. पाणी तोडून तोडून द्यायचं, मणी बारीकच ठेवायचा, कारण रंग आणि चव सालीत असते, आणि मणी जितका लहान तितकी रसामागं साल जास्त.

हे करताना हात थरथरतो. मण्यात रंग भरायच्या वेळी वेल दुपारी मलूल दिसायची आणि ठिबकचा व्हॉल्व्ह उघडावा असं रोज वाटायचं. पेठ-सुरगाण्याकडून दरवर्षी आमच्याकडं येणाऱ्या टोळीतल्या बायकांना मी चांगले घड काढून टाकायला सांगितलं, तेव्हा त्यांच्यातली सगळ्यात अनुभवी मावशी कात्री खाली ठेवून म्हणाली, "ताई, हे पाप आहे." तिला मी एकाच ओळीतल्या दोन वेलींचे मणी खायला दिले, एक घड काढलेली आणि एक भरगच्च ठेवलेली. तिनं दोन्ही चघळले, बिया हातावर थुंकल्या, आणि काही न बोलता कात्री उचलली.

२०१८ च्या फेब्रुवारीत पहिली तोडणी आली. मी रोज रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजायचं यंत्र, घेऊन ओळी फिरायचे. बाविसाच्या पुढं ब्रिक्स, म्हणजे साखरेचं माप, गेल्यावर मला वाटलं झालं. वायनरीचा माणूस आला, त्यानं ब्रिक्स बघितला आणि मग मणी तोंडात टाकून बी दाताखाली फोडली. बी हिरवट असली की तोंड आवळतं. पिकली की तपकिरी होते, कडकन फुटते आणि भाजल्या शेंगदाण्यासारखी लागते. "अजून थांबा," म्हणाला. आभाळ आलेलं, आणि अवकाळीचा अंदाज. थांबणं किती जड जातं ते बागायतदारालाच कळेल. पाऊस हुकला. तोडणी पहाटे चारला, डोक्याला बॅटऱ्या लावून, कारण घड थंड असतानाच क्रेट वायनरीत पोचायला हवेत. त्या दिवशी वजनकाट्यावर आमचा ट्रॅक्टर उन्हात बराच वेळ अडकला. मी तिथंच व्यवस्थापकाला गाठून सांगितलं की पहाटेच्या तोडणीचा आग्रह तुमचा, तर क्रेट सावलीत उतरवून घेण्याची सोयही तुम्हीच करा. पुढच्या हंगामात तिथं शेड झाली.

पैशाचं सरळ सांगते. चांगल्या वर्षी सोनाका यापेक्षा जास्त देते. पण सोनाकाचा व्यापारी माल नेऊन फोन बंद करू शकतो, आणि असे अनुभव आमच्या तालुक्यात घरोघरी आहेत. शिराझचे पैसे ठरल्या दरानं बँकेत येतात. फवारणीचा खर्च कमी, मजुरी बरीच कमी. केवडा आणि भुरी हे रोग मात्र इथंही सोडत नाहीत. भारी काळ्या जमिनीत कुणी हे लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथं वेल माजते आणि वाईन पाणचट होते. मुरमाड उतार असेल, करार पक्का असेल, तर जरूर लावावं.

मला खरी कळकळ वेगळ्याच गोष्टीची आहे. 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकन आहे, पण कुंदेवाडीचा कडाका, इगतपुरीचा पाऊस आणि आमचा मुरूम, सगळं एकाच नावाखाली जातं. त्यातही करारावर पिकवलेली द्राक्षं पाच-दहा गावांच्या मालात मिसळली की बाग ओळखूच येत नाही. ज्यांनी घड मोजून काढले, त्यांना आपल्या बागेची वाईन वेगळी कशी लागते ते कधी कळत नाही. मी वायनरीत जाऊन टाकीतली वाईन चाखते. गेल्या हंगामात कोवळ्या वाईनमध्ये मिरीसारखा वास होता; वाईनमेकर म्हणाला की उताराच्या बागांमधून तो जास्त येतो.

कराराचं नूतनीकरण झालं तेव्हा मी दरवाढीसोबत एक अट मांडली: आमच्या तुकड्याचा माल एका लहान टाकीत वेगळा आंबवायचा, आणि बाटली झाली तर तिच्यावर गावाचं नाव टाकायचं. वेगळ्या टाकीला त्यांनी होकार दिला. गावाच्या नावाबद्दल बोलणं चालू आहे, आणि शेजारच्या दोन बागायतदारांनीही आपापल्या करारात तीच मागणी घातली आहे.