रिकामी थाळी

लोणंदच्या मुक्कामाला भांडी घासायची पाळी माझी होती. दुपारी नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान झालं होतं. संध्याकाळी राहुट्या पडल्या, पंगत उठली आणि टँकरजवळच्या चिखलात मी भाताचं पातेलं घेऊन बसले. घासून पालथं घालायला गेले, तर शेजारच्या आजींनी मनगट धरलं. "दमानं, माउली. द्रौपदीनं थाळी पालथी घातली, अन् दुर्वास दारात आले."

मग घासता घासता त्यांनी गोष्टच सांगितली. पांडव वनवासात. सूर्यानं दिलेली थाळी, पण द्रौपदी जेवली की त्या दिवसापुरती रिकामी. ती जेवून उठली आणि दुर्योधनानं धाडलेले दुर्वास दहा हजार शिष्य घेऊन आले. ऋषी नदीवर आंघोळीला गेले, इकडे हिच्या पोटात गोळा. कृष्णाचा धावा केला, तर तो येऊन म्हणतो, मलाच भूक लागलीय, आधी वाढ! थाळीच्या काठाला भाजीचं पान चिकटलं होतं. तेवढं त्यानं खाल्लं, आणि नदीतल्या ऋषींना ढेकर आले. आजींनी बोलता बोलता माझ्या पातेल्याच्या काठावरून बोट फिरवलं. एक शीत निघालं. ते त्यांनी तोंडात टाकलं.

लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. पण त्या रात्री पायाचे फोड ठणकत असताना झोप येईना, तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, की कृष्णानं वनवास काही संपवला नाही. बारा वर्षं भरायचीच होती, वर अज्ञातवासाचं एक. तो आला, आणि जिच्याकडे काही उरलं नव्हतं तिच्याकडेच जेवायला मागितलं. राज्य गेलेल्या, भर सभेत विटंबना झालेल्या बाईला त्यानं घरधनीण केलं. मला देवाची दया तिथे दिसते, ढेकरांत नाही.

ज्यांच्या पालखीमागे आम्ही चालत होतो ती भावंडंही वाळीत टाकलेलीच. विठ्ठलपंत संन्यास सोडून संसारात परतले, म्हणून अख्खं घर गावाला तुटलं. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, तरी पोरांना शुद्धिपत्रासाठी पैठण गाठावं लागलं. मुक्ताईला मांडे भाजायला कुणी खापर देईना, तेव्हा ज्ञानदेवांनी आपली पाठ तापवून दिली, असं सांगतात. पुन्हा भांडंच.

वाखरी झाली, पंढरी आली. नामदेव पायरीजवळ चोखोबांची समाधी आहे. त्यांना गावाबाहेर घालवलं, तेव्हा चंद्रभागेपलीकडे विठ्ठल त्यांच्याकडे जेवायला जायचा, अशी कथा आहे. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला कुसू कोसळून चोखोबा गेले, आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी इथे आणल्या. त्यांच्या माणसांना देवळाचं दार उघडलं ते १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. देव नदी ओलांडून केव्हाच गेला होता, गावाला सहाशे वर्षं लागली. हे मनात आलं की अजून घसा दाटतो.

दर्शनाची रांग फार लांब होती. आजींनी चोखोबांच्या समाधीवर डोकं टेकलं, डोक्यावरची तुळस नीट केली, कळसाला हात जोडले आणि म्हणाल्या, "झालं माझं. चल, माउली, पंगत बसायची असंल."