ट्वेन्टीएथ सेंच्युरी बॉइज

आज नाओकी उरासावाच्या या मांगाचा, म्हणजे जपानी चित्रकथेचा, शेवट वाचून संपवला. मूळ २२ खंड, वर समारोपाचे २. दुपारपासून मन जागेवर नाही.

१९७० च्या आसपासची जपानी पोरं. मोकळ्या रानात उंच गवत बांधून केलेला गुप्त अड्डा, आत रेडिओ आणि मांगा मासिकं. तिथे बसून ती जगबुडीची गोष्ट रचतात. मोठेपणी त्यांच्यातलाच केंजी साधं दुकान चालवतोय आणि तीच गोष्ट कुणीतरी खरी करत सुटलंय. ती खरी करणाऱ्याचं नाव ‘तोमोदाची’, म्हणजे मित्र! अंगावर काटाच आला.

सगळ्यात लागलं ते हे, की केंजीला स्वतःलाच लहानपणीचं नीट आठवत नाही.

संध्याकाळी चौथीच्या वर्गाचा फोटो काढून बसलो. मागच्या रांगेत, अगदी कडेला उभ्या मुलाचं नाव काही केल्या आठवेना.