तयार गाइडलाइन असताना नवी कशाला लिहायची?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. एक प्रश्न असा, की नाइस (ब्रिटनची आरोग्य-मार्गदर्शन संस्था), डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना), आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) यांच्या गाइडलाइन्स, म्हणजे उपचारांच्या लेखी सूचना, हाताशी असताना रेसिडेंट (पदव्युत्तर शिक्षण घेत काम करणाऱ्या) डॉक्टरांना स्वतः गाइडलाइन लिहायला का लावायचं? दुसरा त्याला जोडूनच येतो: खर्चाचा विचार शिकवायचा म्हणजे गरीब पेशंटच्या उपचारात काटकसर शिकवायची, असंच ना?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. ज्या तपासणीच्या निकालाने डॉक्टरचा निर्णय बदलणार नाही, ती न करणं म्हणजे काटकसर नव्हे. ती केल्याने पेशंटचा काहीच फायदा होत नाही, पैसे आणि दिवस मात्र जातात. पण कुठल्या निकालाने निर्णय बदलतो, हे तयार गाइडलाइन वाचून कळत नाही. ते लिहिताना कळतं. म्हणून लिहायला लावायचं, आणि विषय छोटाच द्यायचा.

एक उदाहरण घेऊ. तिशीतला, धडधाकट, शेतात राबणारा माणूस. जांघेतल्या हर्नियाचं ठरवून करायचं ऑपरेशन. केसपेपरवर यादी उतरते: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), शुगर, क्रिएटिनिन (किडनीसाठी), लिव्हरच्या तपासण्या, बीटी-सीटी (रक्त थांबायला आणि गोठायला लागणारा वेळ), पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याचीच आणखी एक तपासणी), लघवी, छातीचा एक्स-रे, ईसीजी. ही यादी कुणी ठरवली? उत्तर येतं, ‘आमच्या युनिटला असंच आहे.’

पहिलं काम प्रश्न नेमका करण्याचं. ‘ऑपरेशनआधीच्या तपासण्या’ हा विषय झाला, प्रश्न नाही. पेशंट कोण, काय करायचं, त्याऐवजी काय, आणि कुठला परिणाम मोजायचा, हे चारही वाक्यात आले पाहिजेत: आजार नसलेल्या प्रौढाला हर्नियाआधी सरसकट ईसीजी काढला, आणि आजारांचा इतिहास व डॉक्टरची तपासणी यांवरून गरज वाटली तरच काढला, तर भुलीतले व नंतरचे गुंतागुंतीचे प्रसंग कमी होतात का? रेसिडेंट इथे परिणाम म्हणून ‘ईसीजीतले दोष सापडणं’ लिहितात. ते खोडायचं. दोष सापडणं हा पेशंटचा फायदा नाही.

इथेच फळ्यावर एक गणित मांडावं. प्रयोगशाळेची ‘नॉर्मल’ मर्यादा साधारण ९५ टक्के निरोगी लोकांना सामावेल अशी आखलेली असते. म्हणजे एकमेकींवर अवलंबून नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचाही एखादा तरी आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के. मग फिजिशियनचा शेरा, पुन्हा रक्त, ऑपरेशनची तारीख पुढे.

नंतर पुरावा. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या तपासण्यांबद्दल तो भक्कम आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या केंद्रांवर झालेल्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १९,००० हून अधिक शस्त्रक्रिया होत्या. सरसकट तपासण्या केलेल्या आणि न केलेल्या, दोन्ही गटांत गुंतागुंतीचं प्रमाण सारखंच निघालं: हजारी ३१.३. रेसिडेंट खूश होऊन हाच पुरावा हर्नियाला लावतात. थांबवायचं. त्या चाचणीत पूर्ण भूल दिलेले पेशंट घेतलेच नव्हते. पुराव्याचा दर्जा ठरवण्याच्या ‘ग्रेड’ पद्धतीत पुराव्यावरचा विश्वास पाच कारणांनी खाली येतो: अभ्यासाच्या मांडणीतला दोष, निकालांतली विसंगती, आपल्या प्रश्नाशी थेट संबंध नसणं, आकड्यांतली अनिश्चितता आणि नकारात्मक निकाल छापलेच न जाणं. इथे तिसरं कारण लागू होतं. विश्वासाची एक पायरी उतरवायची आणि का उतरवली ते लिहून ठेवायचं.

मग तयार गाइडलाइन उघडायची. नाइसच्या २०१६ सालच्या सूचनांनुसार अशा धडधाकट माणसाला हर्नियाच्या दर्जाच्या ऑपरेशनआधी सरसकट रक्ततपासण्या नकोत, ईसीजी नको. छातीचा एक्स-रे तर सरसकट कुणालाच नको. हे जसंच्या तसं उचलायचं का? नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया आणि २५ टक्के पुरुष ॲनिमिक आढळले. तेव्हा आपल्याकडे हिमोग्लोबिन ठेवायच्या बाजूने कारण आहे. गडचिरोली किंवा नंदुरबारकडचा पेशंट असेल तर सिकलसेलची (लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची) सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे रक्ताची साधी प्राथमिक तपासणी, यादीत घालावी लागेल, कारण ऑपरेशनच्या वेळची थंडी, पाण्याची कमतरता, ऑक्सिजन घटणं त्या पेशंटला महागात पडतं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर एक्स-रे आणि थुंकीची तपासणी हवीच. पण ती क्षयरोगासाठी, ‘फिटनेस’साठी नव्हे. बीटी-सीटीच्या जागी चार प्रश्न येतात: दात काढल्यावर किंवा आधीच्या ऑपरेशनात रक्त थांबायला वेळ लागला का, घरात कुणाला रक्तस्रावाचा आजार आहे का, सहज काळे-निळे डाग पडतात का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का. खर्चाची जाणीव असलेला डॉक्टर यादीत भरही घालतो, हे रेसिडेंटना इथे दिसतं.

खर्चाचा तक्ता त्यांनी स्वतः भरायचा. सरकारी दर लिहून भागत नाही. रसायन संपलं की ‘बाहेरून करून आणा’ अशी चिठ्ठी जाते; त्या लॅबचा दर लिहायचा. एसटीचं भाडं, पेशंटची मजुरी आणि सोबत आलेल्याची मजुरी, हेही लिहायचं. समजा तपासणी ५०० रुपयांची आहे, आणि तिच्यातल्या खोट्या इशाऱ्यामुळे दर २० जणांतल्या एकाला ४००० रुपयांचा पुढचा फेरा पडतो. सरासरी खर्च ७०० झाला. पण सरासरी कुणीच भरत नाही. १९ जण ५०० भरतात आणि एकजण ४५००. त्या एकाचा विचार तक्त्याशेजारी शब्दांत लिहायला लावावा.

गाइडलाइन कोसळते ती बहुधा पुढच्या टप्प्यावर. सर्जरीवाल्यांनी लिहिली आणि भूलतज्ज्ञ बैठकीला नव्हते, तर ऑपरेशनच्या सकाळी ‘ईसीजी कुठे आहे?’ म्हणून केस रद्द होते. एकदा असं झालं की रेसिडेंट पुन्हा सगळं लिहू लागतो, आणि त्यात त्याची चूक नाही. म्हणून भूलशास्त्र विभागाची सही आधी घ्यायची. बैठकीला ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) सिस्टर, लॅबचे तंत्रज्ञ आणि ऑपरेशन होऊन गेलेला एखादा पेशंट हवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे आरोग्यमित्रही (रुग्णालयात योजनेचं काम पाहणारे) हवेत, कारण मंजुरीच्या कागदांत कुठले रिपोर्ट मागतात हे त्यांना ठाऊक असतं. प्रत्येकाने हितसंबंध लेखी जाहीर करायचे. कट प्रॅक्टिसविरोधी (पेशंट किंवा तपासणी पाठवण्याबद्दल कमिशन घेण्याविरोधी) कायद्याचा मसुदा महाराष्ट्रात २०१७ साली तयार झाला होता. तो विषय या टेबलावर मोकळेपणाने यावा. मत चिठ्ठीवर, १ (अजिबात मान्य नाही) ते ९ (पूर्ण मान्य) अंकांत द्यायचं. मध्यक, म्हणजे अंक क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा अंक, ७ किंवा वर असेल तर शिफारस मान्य. हात वर करायला लावले की सगळे हात विभागप्रमुखांच्या हाताबरोबर वर जातात.

शिफारशीच्या वाक्यात ‘गरजेनुसार’ हा शब्द चालणार नाही. ‘हृदयविकार, किडनीचा आजार किंवा मधुमेह असल्यास ईसीजीचा विचार करावा’ असं लिहा, म्हणजे रात्री दोनला ड्युटीवरच्या पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटलाही ते वापरता येईल. सगळं एका पानात बसवून ओपीडीच्या टेबलावर काचेखाली ठेवा.

शेवटी ऑडिट, म्हणजे गाइडलाइन पाळली गेली का याची पडताळणी. आधीचे सलग ३० केसपेपर आणि तीन महिन्यांनंतरचे सलग ३०: किती तपासण्या लिहिल्या, किती केसेस ऐनवेळी रद्द झाल्या. सवय बदलली का, हे कळायला एवढे पुरतात. सुरक्षितता सिद्ध करायला पुरत नाहीत. ३० जणांत एकही गंभीर प्रसंग घडला नाही, तरी खरं प्रमाण १० टक्क्यांपर्यंत असू शकतं. ३ भागिले ३०, असा तो ढोबळ नियम. ३०० जणांनंतर ती वरची मर्यादा १ टक्क्यावर येते. म्हणून गुंतागुंतीची नोंदवही वर्षभर चालू ठेवायची. रेसिडेंट बदलतील, तेव्हा ती ओटीच्या सिस्टरकडे राहू द्यावी.